कलदार, हाली आणि पैंजणांचा टंच

सोनं घेताना आता आपण सगळ्याजणी हॉलमार्क बघतो. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने त्याची सक्तीही झाली आहे. पण चांदी घेताना? जोडवी, पैंजण, बाळाचे वाळे... "चांदीचंच आहे ना?" एवढं विचारलं की आपण मोकळ्या!

बचत गटाच्या कामात याचा दुसरा टोकाचा अनुभव येतो. गटातल्या एका मावशींनी मुलीच्या फीसाठी पैंजण मोडायला काढले. दुकानदाराने टंच काढला आणि म्हणाला, "मावशी, याच्यात साठ टंच बी चांदी नाही." म्हणजे शंभरात साठ भागसुद्धा नाही. घेताना भाव पूर्ण चांदीचा लावला होता, वर घडणावळ वेगळी. बिल मागावं तर ते कधी घेतलंच नव्हतं. ज्यांच्याकडे ना एफडी ना सोनं, त्यांची बँक पायातच असते हो!

आपल्या आज्या-पणज्यांकडेही हॉलमार्क नव्हता, पण दागिन्यात कोणती चांदी गेली हे त्यांना ठाऊक असे. रुपयेच सोनाराकडे न्यायचे आणि आटवून तोरड्या नाहीतर गोठ करून घ्यायचे. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे दोन रुपये माहितीचे होते. इंग्रजांचा कलदार आणि निजामाचा हाली सिक्का. १९४० पूर्वीचा कलदार एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात चांदी शंभरात जवळजवळ ९२ भाग. चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, चांदी सुमारे ८२ भाग. वीस कलदार आटवले तर शुद्ध चांदी २१४ ग्रॅम, वीस हालींत १८३. फरक तीन तोळ्यांच्या आसपास! जुन्या बायका 'कलदार' हा शब्द वजनाने का उच्चारत, ते यावरून कळतं. पुढे १९४० मध्ये इंग्रजी रुपयातली चांदीही निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला.

नाणी आटवायची ही रीत फक्त आपली नाही. अमेरिकेतही अठराव्या शतकात घरातली नाणी चांदीकाम करणाऱ्याकडे नेऊन चमचे, चहाच्या किटल्या करून घेत. बोस्टनचा पॉल रिव्हिअर स्वातंत्र्ययुद्धातल्या रात्रीच्या घोडदौडीसाठी प्रसिद्ध, पण त्याचा धंदा हाच. लंडनमध्ये १३०० सालापासून चांदी तपासून छाप मारण्याचा कायदा होता, तसं सरकारी तपासणीचं कार्यालय बोस्टनला नव्हतं. म्हणून कारागीर स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचा. खोटं निघालं तर नाव जाणार!

नंतर कारखाने आले. टिफनी कंपनीने १८५१ मध्ये आणि गोऱ्हॅम कंपनीने १८६८ मध्ये 'स्टर्लिंग'चं प्रमाण धरलं. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. निव्वळ चांदी मऊ पडते, म्हणून मिश्रण लागतंच. त्यात लबाडी नाही. मिश्रण किती हे लपवणं ही लबाडी. मारलेला छाप खरा असलाच पाहिजे असा कायदा अमेरिकेने १९०६ मध्ये केला.

पैंजणात तर आणखी एक भानगड असते. कोल्हापूरजवळचं हुपरी पैंजणांसाठी नावाजलेलं. तिथे घरोघरी बायका कड्या जोडायचं काम करतात. एका जोडात कितीतरी कड्या, घुंगरं, आणि डाग देण्याच्या धातूत चांदी कमीच. त्यामुळे नाजूक पैंजणांचा टंच साध्या कड्यापेक्षा उतरतो. ते चालेल, पण मग भावही तसाच लावायला हवा ना?

आपल्याकडे १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आला आहे. मोबाईलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याची माहिती दिसते. मात्र तो सुरू करताना ऐच्छिक ठेवला, म्हणून मागावा लागतो. दागिन्यावर ८००, ९२५, ९९० असा आकडा असतो, तो हजारातला.

छाप नसेल तर निदान बिलावर वजन, टंच आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. मोड घालताना घट किती धरणार हेही तेव्हाच विचारा. "चांदीला कुठं एवढं बघतात ताई?" असं दुकानदार म्हणेल. म्हणू दे. बिल घेऊनच उठायचं.