बीड-मुंबई, सरळ रेषेत

बीडला विमानतळ नाही. तरीही ‘बीड ते मुंबई’ हे हवाई अंतर काढता येतं, आणि ते भरतं जेमतेम 300 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटरचा वेग धरला की त्रैराशिक सांगतं, प्रवास 22-23 मिनिटांचा. यातलं अंतर खरं आहे, वेळ साफ खोटी.

आधी अंतराचं बघू. बीड आणि मुंबई ही दोन्ही शहरं साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळपास एका ओळीत आहेत. रेखांशात मात्र सुमारे 2.9 अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश 111 किलोमीटरचा असतो, आपल्या अक्षांशावर तो आक्रसून 105 वर येतो. गुणाकार केला की 300 च्या आसपास आकडा मिळतो. गंमत म्हणजे नाकासमोर पश्चिमेला जाणं हा इथेही सर्वांत जवळचा रस्ता नव्हे. पृथ्वी गोल असल्यामुळे खरा जवळचा रस्ता मध्यावर 600 मीटरभर उत्तरेला झुकतो. एवढ्याशा अंतरात हे कुणाच्या खिजगणतीत नसतं, पण याच नियमामुळे मुंबई-न्यूयॉर्कचं विमान कितीतरी उत्तरेकडून जातं. रेखांशातल्या त्याच फरकामुळे बीडला सूर्य मुंबईच्या साडेअकरा मिनिटं आधी उगवतो.

वेळेचा हिशेब फसतो तो चढ-उतारात. समजा, विमान 20 हजार फुटांवर, म्हणजे सहा किलोमीटर उंचीवर गेलं. उतरताना ते साधारण तीन अंशांच्या उताराने येतं. या उतारावर एक किलोमीटर खाली यायला 19 किलोमीटर पुढे जावं लागतं. म्हणजे सहा किलोमीटर उतरण्यातच 115 च्या आसपास किलोमीटर संपले! चढण्यात आणखी 80-100 जातात. पूर्ण वेगाने उडायला उरतात फक्त शंभरेक किलोमीटर. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, मुंबईच्या आकाशातली गर्दी आणि समोरचा वारा आहेच. मुंबई-छत्रपती संभाजीनगर हे हवाई अंतर सुमारे 280 किलोमीटर, पण वेळापत्रकात त्याला तासभर दिलेला असतो, तो याचसाठी.

निवडणुकीत बीड जिल्ह्यातल्या आष्टी-परळीच्या सभांना धुरळा उडवत येणाऱ्या हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. पण ताशी सव्वादोनशे-अडीचशेच्या वेगाने मुंबई गाठायला त्यालाही सव्वा तास लागेलच. ती सोय अर्थात मतदारांसाठी नाही.

17 सप्टेंबर 2025 ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. विमानाचं म्हणाल, तर बीडकराला आजही आधी गेवराई, शहागडचा गोदावरी पूल, पाचोड असं करत सव्वाशे किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ गाठावं लागतं. दोन-अडीच तास तिथवर, उड्डाणाआधी तासभर ताटकळणं, मग तासाभराचं उड्डाण. 300 किलोमीटरला घरून निघाल्यापासून किमान चार-साडेचार तास धरा.