थंडींतील बाग

सटाण्यास मार्गशीर्ष वद्य एकादशीच्या सुमारास देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, तेव्हां आरम नदीकांठची थंडी अंगांत भरूं लागलेली असते. आपण शाल पांघरतों. अंगणांतील झाडांची काळजी मात्र पानें काळवंडल्यावर सुचते.

निरभ्र व निवांत रात्रीं जमीन दिवसाची उष्णता आकाशाकडे टाकून देते. पानें तर भोंवतालच्या हवेहूनहि अधिक निवतात. थंड हवा जड असल्यामुळें सखल जागीं सांचते. म्हणून एकाच अंगणांत वरच्या बाजूचें रोप वांचतें आणि खालचें करपतें.

पपई, केळ, क्रोटन हीं उष्ण प्रदेशांतील झाडें नाजूक होत. पाणी गोठण्याइतकी थंडी नसतांहि त्यांस इजा पोहोंचते. गुलाब, शेवंती, डाळिंब, अंजीर हीं त्या मानानें काटक. तेव्हां कुंड्यांतील नाजूक रोपें प्रथम भिंतीच्या आडोशास आणावीं. दिवसा तापलेली भिंत रात्रीं त्यांस ऊब देते.

दिवाळीनंतर नाजूक झाडांस जोरकस नत्रखत देऊं नये. त्यानें कोंवळी फूट येते, आणि थंडी प्रथम तिच्यावरच पडते. पाणी सकाळीं द्यावें. ओलसर जमीन कोरड्या जमिनीपेक्षां अधिक उष्णता सांठविते. मात्र चिखल करूं नये. मोगऱ्यास या दिवसांत विश्रांति हवी, म्हणून त्याचें पाणी कमीच करावें.

बुंध्याशीं पाचोळा पसरल्यानें मुळांस ऊब मिळते. परंतु जमिनीची उष्णता वर येण्यास त्याचाच अडथळा होतो. म्हणून लहान रोपांस वरून पांघरूण हवेंच. चार काठ्या रोवून सूर्यास्तापूर्वीं जुनें धोतर वा गोणपाट असें घालावें, कीं तें जमिनीस टेंकेल पण पानांस लागणार नाहीं. उन्हें आल्यावर तें काढावें. बागलाणांतील द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या रात्रीं शेकोट्या पेटवितात. घरच्या बागेस एवढें पांघरूण पुरतें.

इतकें करूनहि एखादें झाड करपलें, तर तें उपटण्याची घाई करूं नये. करपलेलीं पानें खालच्या फांद्यांस आडोसाच देतात, आणि लगेच छाटणी केल्यास अवेळीं फूट येऊन तीहि मरते. फाल्गुनापर्यंत थांबावें. मग सालीवर नखानें किंचित् खरवडून पाहावें. आंत हिरवें दिसलें, तर झाड जिवंत आहे; तेवढाच सुकलेला भाग छाटावा. थंडीनें वांचविलेलीं कितीतरी झाडें माणसाच्या उतावीळपणानें मरतात!