ट्रंकिंग रेडिओ व नवशिका श्रोता

गेल्या वर्षीं मे महिन्याच्या सुट्टींत आमच्या दिघींतील शेजारचा एक विद्यार्थी संध्याकाळीं माझ्याकडे आला. दहावीची परीक्षा देऊन तो नुकताच मोकळा झाला होता, आणि मोकळ्या डोक्यांत नवी कल्पना शिरावयास वेळ लागत नाहीं. त्याचे मामा अमेरिकेंत ओहायओ राज्यांतील एका लहानशा गांवीं राहतात. त्यांच्या घरीं असलेलें एक यंत्र त्यानें दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिलें होतें, व तेव्हांपासून त्याला दुसरें कांहीं सुचत नव्हतें. “काका,” तो म्हणाला, “जूनमध्यें मामा येणार आहेत. त्यांना मजसाठीं एक डिजिटल ट्रंकिंग स्कॅनर आणावयास सांगूं कां? सातशे डॉलर पडतात. थोडे पैसे माझे साठलेले आहेत, उरलेले बाबा देतील; पण ते म्हणाले, आधीं काकांचें मत घे.”

मीं त्यास तीन प्रश्न विचारिले. कोणाचें बोलणें ऐकावयाचें आहे? तें बोलणें कोणत्या पद्धतीनें हवेंतून जातें? आणि तें ऐकण्याची तुला मुभा आहे कां? यंत्राची किंमत, वजन, पडद्याचे रंग, बॅटरी किती तास पुरते, हें सारें त्यास मुखोद्गत होतें. या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर त्याजपाशीं नव्हतें. दुकानाच्या जाहिरातींत तीं उत्तरें नसतातच. त्या संध्याकाळीं व पुढील कांहीं दिवस आमचें जें बोलणें झालें, तें इतर जिज्ञासु विद्यार्थ्यांच्याही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

स्कॅनर हा केवळ ऐकणारा रेडिओ होय. त्यावरून बोलतां येत नाहीं. घरांतील रेडिओ एका केंद्रावर लावला कीं तेथेंच राहतो. स्कॅनर आपण दिलेल्या कंपनसंख्या एकामागून एक चाळीत जातो, जेथें आवाज लागेल तेथें थांबतो, व बोलणें संपतांच पुढें निघतो. अग्निशामक दल, रुग्णवाहिका, नगरपालिकेच्या गाड्या यांचीं संभाषणें पूर्वीं ज्याच्या त्याच्या ठराविक कंपनसंख्येवर होत असत, तोंपर्यंत स्कॅनरचें काम सोपें होतें. ट्रंकिंगनें तें सारें उलटेंपालटें केलें.

‘ट्रंक’ हा शब्द आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींस नवा नाहीं. पुण्याहून नागपुरास बोलावयाचें तर ‘ट्रंक कॉल’ नोंदवून तासन् तास वाट पाहणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. दोन शहरांमधील मोजक्या तारा असंख्य ग्राहकांनीं वांटून घ्यावयाच्या, जी मोकळी होईल ती पुढच्यास द्यावयाची, हेंच तें तत्त्व. किती तारांवर किती बोलणें भागेल याचें गणित डेन्मार्कमधील ए. के. एर्लांग यानें कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत असतांना बसविलें. त्याचा या विषयावरील पहिला निबंध १९०९ सालचा, व ज्या सूत्रानें तो प्रसिद्धीस आला तें १९१७ सालचें.

समजा, एका शहरांत पांच खातीं आहेत व प्रत्येकाचें मिळून तासाला तीस मिनिटें बोलणें असतें. प्रत्येक खात्यास स्वतंत्र वाहिनी दिली, आणि वाहिनी गुंतलेली आढळल्यास बोलणारा परत फिरतो असें धरिलें, तर एर्लांगच्या सूत्राप्रमाणें दर तीन हांकांपैकीं एक हांक वायां जाते. आतां त्याच पांच वाहिन्या पांचही खात्यांत सामाईक करा. वायां जाणाऱ्या हांका शंभरांत सुमारें सात उरतात! एकही वाहिनी वाढली नाहीं, बोलणें कोणी आंखडतें घेतलें नाहीं. केवळ वांटणीची रीत बदलली. हें उदाहरण त्या मुलानें मजसमोर वहींत सोडविलें. माझ्या मतें त्याचें या विद्येंतील शिक्षण खऱ्या अर्थानें तेथें सुरू झालें.

परंतु जें बोलणाऱ्याच्या सोयीचें, तें ऐकणाऱ्याच्या गैरसोयीचें. पुणें स्टेशनावर प्रत्येक गाडीचा फलाट कायमचा ठरलेला असता तर नव्या उतारूसही चिंता नसती. पण गाडी आयत्या वेळीं मोकळ्या असलेल्या फलाटावर घेतली जात असेल, तर शहाणा उतारू फलाटामागून फलाट धुंडाळीत धांवत नाहीं. तो घोषणेकडे कान लावून उभा राहतो. ट्रंकिंग पद्धतींत हें घोषणेचें काम एक स्वतंत्र वाहिनी अहोरात्र करीत असते. तिला नियंत्रण-वाहिनी म्हणतात. तिच्यावर शब्द नसतात, अंकांचा अखंड प्रवाह असतो. अग्निशामक दलाच्या जवानानें हातांतील रेडिओची कळ दाबली कीं त्याची विनंती या वाहिनीवरून केंद्रास पोंचते. केंद्र उत्तर देतें, ‘अमुक संभाषण-गट, तमुक वाहिनी’. आणि त्या गटाचे सारे रेडिओ क्षणार्धांत तेथें जाऊन बसतात. बोलणें संपलें कीं सर्व परत घोषणा ऐकावयास येतात. त्याच जवानास मिळणारें उत्तर कदाचित् दुसऱ्याच वाहिनीवर येईल. जुन्या धर्तीचा स्कॅनर अशा ठिकाणीं लावला तर प्रश्न आगीचा व उत्तर कचऱ्याच्या गाडीचें, असला गमतीचा प्रकार ऐकूं येतो. ट्रंकिंग स्कॅनर मात्र स्वतः घोषणा वाचतो व आपण सांगितलेल्या गटाच्या मागें मागें जातो. कंपनसंख्येचा नव्हे, तर गटाचा पाठलाग, ही एक गोष्ट ज्याच्या ध्यानांत आली, त्याची अर्धी अडचण सरली.

राहिला ‘डिजिटल’ हा शब्द. येथें आवाजाचे प्रथम अंक केले जातात व ते अंक हवेंत सोडले जातात. पण ते करण्याच्या भाषा अनेक आहेत. अमेरिकेंत सार्वजनिक सुरक्षेच्या कामीं प्रोजेक्ट २५, म्हणजेच पी-२५, ही पद्धति रूढ आहे. तिच्या पहिल्या अवस्थेंत सेकंदास ९६०० अंकखुणा धांवतात. त्यांपैकीं ४४०० प्रत्यक्ष आवाजाच्या, २८०० चुका दुरुस्त करण्यासाठीं, व उरलेल्या २४०० व्यवस्थेच्या. दुसऱ्या अवस्थेंत एकाच वाहिनीचे कालाचे दोन भाग पाडून दोन संभाषणें एकदम चालतात. युरोपांत जन्मलेल्या टेट्रा पद्धतींत असे चार भाग असतात. आपल्या देशांतील अनेक मेट्रो रेल्वे तीच वापरतात. डीएमआर ही तिसरी, कारखाने व व्यापारी यांच्या आवडीची. आतां पाहा: ज्या यंत्रासाठीं आमचा हा विद्यार्थी सातशे डॉलर मोजावयास निघाला होता तें अमेरिकेच्या बाजारासाठीं बनविलेलें, पी-२५ मध्यें निष्णात, आणि टेट्रा त्यास मुळींच कळत नाहीं. त्यांतून संभाषण सांकेतिक करून पाठविलें असेल तर जगांतील कोणताही स्कॅनर तें उलगडीत नाहीं. विक्रेते ही गोष्ट बारीक अक्षरांत छापतात. ती मोठ्या अक्षरांत छापावयास हवी.

जेथें यंत्र व पद्धति यांचा मेळ बसतो तेथेंही निवड डोळसपणें करावी लागते. अमेरिकेंतील पुष्कळ यंत्रणांत अनेक मनोरे एकाच कंपनसंख्येवर एकाच क्षणीं तेंच बोलणें सोडतात. रेडिओलहर १५ किलोमीटर जावयास सुमारें ५० मायक्रोसेकंद घेते. पी-२५ च्या पहिल्या अवस्थेंत एक खूण सुमारें २०८ मायक्रोसेकंद टिकते. म्हणजे दोन मनोऱ्यांच्या अंतरांत १५ किलोमीटरचा फरक असला कीं एकीची दुसरीवर पाव खूण चढते, आणि साधा स्कॅनर गोंधळून बोबडा होतो. युनिडेन कंपनीनें २०१८ सालीं काढलेलें एसडीएस १०० हें यंत्र हा दोष ध्यानीं घेऊन रचलेलें आहे, व त्याच्या चढ्या किंमतीचें मुख्य कारण तेंच. जेथें मनोरा एकच आहे तेथें त्याहून स्वस्त यंत्रानें काम भागतें.

ग्राहकयंत्राचा दुसरा शत्रु म्हणजे शेजारचें बलाढ्य प्रेषक-केंद्र. ही गोष्ट आपल्याच परिसरांत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीं जाणली गेली होती. १९२७ सालीं इंग्लंडशीं थेट बिनतारी दळणवळण सुरू झालें, तेव्हां संदेश पाठविण्याचें केंद्र आमच्या शेजारीं खडकीस, व घेण्याचें केंद्र दूर दौंडास ठेविलें होतें. आपल्याच प्रेषकाच्या गर्जनेंत सातासमुद्रांपलीकडची कुजबुज बुडून जाऊं नये, हा त्यांतील हेतु. ज्यानें छोटा स्कॅनर मोबाईल मनोऱ्याच्या पायथ्याशीं ठेवून ‘यंत्र बहिरें आहे’ अशी तक्रार केली असेल, त्यानें दौंडाची आठवण करावी. लांब एरियल जोडल्यानें अशा ठिकाणीं कान सुधारत नाहीं, उलट बिघडतो.

तिसऱ्या प्रश्नाशीं आलों तेव्हां मुलाचा चेहरा उतरला. मुभेचा हा प्रश्न आपल्याकडे गंभीर आहे. परवान्यावांचून बिनतारी यंत्र जवळ बाळगूं नये असा १९३३ च्या कायद्याचा दंडक होता, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेंही अधिकृत परवानगीची अट ठेविली आहे. या नव्या कायद्याचें ४२ वें कलम २६ जून २०२४ पासून अंमलांत आलें असून, दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येंच टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटि रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. लष्कराच्या व संरक्षण-संशोधनाच्या कुंपणांनीं वेढलेल्या दिघीसारख्या गांवीं तर अशा यंत्राचें कौतुक कोणीच करणार नाहीं, आणि न करण्यांत त्यांची चूकही नाहीं. अमेरिकेंत घरीं बसून अग्निशामक दलाचें उघडें बोलणें ऐकणें सामान्यतः कायद्यास मान्य आहे. तेथेंही कांहीं राज्यांत मोटारींत स्कॅनर ठेवण्यास बंधन आहे. जें मामांच्या घरीं निर्दोष, तें भाच्याच्या घरीं गुन्हा ठरूं शकतें.

“म्हणजे काका, विषय संपला,” तो म्हणाला. मीं म्हटलें, “यंत्र आणण्याचा विषय संपला. शिकण्याचा कां संपावा?”

मामा आले तेव्हां उलगडा झाला कीं त्यांचें स्वतःचें यंत्र वर्षभर खणांतच पडून होतें. लावलें कीं राज्यभरचे लोक एकदम बोलूं लागत, म्हणून त्यांनीं तें बंद करून ठेविलें होतें! या यंत्रांची मांडणी संगणकावर करतां येते व ती यादी दूरवर धाडतां येते. तेव्हां ठरलें असें कीं मामा परत गेल्यावर भाच्यानें दिघींत बसून याद्या कराव्या, व मामांनीं त्या ओहायओंत यंत्रांत भरून कशा चालतात तें कळवावें.

ओहायओ राज्याची मार्क्स नांवाची राज्यव्यापी पी-२५ यंत्रणा आहे. यादी करतांना वरून खालीं उतरावें लागतें: प्रथम यंत्रणा, तिच्या पोटांत केंद्रें, केंद्राच्या पोटांत नियंत्रण-वाहिन्यांच्या कंपनसंख्या, आणि शेवटीं संभाषण-गटांचे क्रमांक. पी-२५ मध्यें एक सोय अशी कीं बाकीच्या वाहिन्यांचा ठावठिकाणा नियंत्रण-वाहिनी स्वतःच सांगते. त्या हातानें भराव्या लागत नाहींत. पहिल्या यादींत या उत्साही मुलानें राज्यांतील झाडून सारीं केंद्रें घातलीं. मामांचें उत्तर आलें, “यंत्र इतकें हिंडतें कीं घरीं परत येईपर्यंत बोलणें संपलेलें असतें.” दुसऱ्या यादींत केवळ त्यांच्या जिल्ह्याचें व लगतच्या एका जिल्ह्याचें केंद्र ठेविलें, आणि यंत्र बोलूं लागलें.

गटांच्या बाबतींत दोन रीती आहेत. एकींत यंत्र कोणत्याही गटाचें बोलणें ऐकवितें व त्याचा क्रमांक दाखवितें; दुसरींत यादींतील गटांपुरतेंच तोंड उघडतें. नवशिक्यानें आठ-पंधरा दिवस पहिल्या रीतीनें ऐकावें, हातीं वही घेऊन कोणत्या क्रमांकावर कोण बोलतें तें टिपावें, व मग दुसरीकडे वळावें, असें मीं सुचविलें. मामांनीं नोंदी ठेवून त्यांचीं छायाचित्रें पाठविलीं. भाच्यानें निवड केली. बोलणें थांबल्यावर दोन सेकंद तेथेंच घुटमळावें ही सूचनाही त्यानें यंत्रास दिली, नाहीं तर प्रश्न ऐकूं येतो व उत्तर निसटतें. सांकेतिक म्हणून छापील यादींत खूण केलेले गट त्यानें आरंभींच गाळिले.

इकडे त्याची हौशी रेडिओच्या परवान्याची तयारी चालू आहे. दूरसंचार खात्याची ही परीक्षा बारा वर्षें पूर्ण झालेल्या कोणासही देतां येते व खालच्या श्रेणीस मोर्स लिपीची अट नाहीं. हौशी मंडळींतही डीएमआर चालतें. गट, कालखंड व क्रमांक यांचा जो अभ्यास मामांच्या यंत्रावर झाला, तो तेथें जसाच्या तसा उपयोगी पडावयाचा, आणि तोही उजळ माथ्यानें, बोलण्याच्या अधिकारासह.

जानेवारींत ओहायओंत मोठें बर्फ पडलें. त्या रात्रीं मामांनीं रस्ते-खात्याच्या गाड्यांचे चालक कोणता रस्ता मोकळा झाला तें एकमेकांस सांगतांना ऐकलें, व सकाळीं त्याच रस्त्यानें ते कामावर गेले. एक गट मात्र अद्याप मुका आहे. मामा म्हणतात, तो सांकेतिक झाला असावा. भाचा म्हणतो, आपल्याकडूनच क्रमांकांतला एक आंकडा चुकला असेल. दोघांचा पत्रव्यवहार चालू आहे.