किडनीची गोळी: जेवणाआधी, जेवणासोबत की जेवणानंतर?

आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात कुणाचं तरी क्रिएटिनिन वाढलंय आणि औषधांचा डबा दर महिन्याला भरतच चाललाय. वडिलांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "ताकदीच्या गोळ्या आहेत रे." तर नाही, त्या ताकदीच्या नाहीत.

किडनी म्हणजे गाळणी, एवढंच आपण शाळेत शिकलो. पण रक्त तयार करण्याचा निरोप हाडांतल्या मज्जेला देणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन मुख्यतः किडनीच बनवते. व्हिटॅमिन डी शरीराला वापरता येईल अशा रूपात आणणं, जास्तीचं फॉस्फरस, पोटॅशियम आणि आम्ल बाहेर टाकणं, हीसुद्धा तिचीच कामं. किडनी थकली की ही कामं एकेक करून अडायला लागतात. चाकणच्या भाषेत सांगायचं तर गोळ्या म्हणजे बदली कामगार. प्रत्येकाचं मशीन वेगळं आणि वेळही वेगळी.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो फॉस्फरसच्या गोळीचा. सेव्हेलामर किंवा कॅल्शियम ॲसिटेट, यातलं काहीतरी डब्यात असेल बघा. ही गोळी आतड्यातच अन्नातलं फॉस्फरस पकडते आणि शौचावाटे बाहेर नेते. म्हणजे पोटात अन्न असेल तरच तिला काम! आता विचार करा, माणूस नाइट शिफ्टला आहे, मुख्य जेवण रात्री कंपनीच्या कँटीनमध्ये होतंय आणि गोळी मात्र घरी, सकाळी आल्यावर चहासोबत. गोळ्या रोज संपतायत, पण रिपोर्टमध्ये फॉस्फरस जिथल्या तिथे. मग हाडं ठिसूळ होतात, अंगाला खाज सुटते, रक्तवाहिन्या कडक होत जातात. उपाय अगदी साधा आहे. दोन गोळ्या बॅगेत ठेवायच्या आणि जेवतानाच घ्यायच्या. जेवण होऊन बराच वेळ गेला असेल तर ती राहू द्या, पुढच्या वेळी डबल घेऊ नका. आणि हो, कोला आणि पाकिटातल्या पदार्थांत मिसळलेलं फॉस्फरस डाळीतल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात अंगात शोषलं जातं. डाळीला उगाच व्हिलन करू नका.

आता रक्ताचं बघू. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मिळतं. पिंपरीची आपली एचए, म्हणजे १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, तिनेही हे औषध बाजारात आणलं होतं. पण शरीरात लोह नसेल तर इंजेक्शन एकटं काय करणार? कच्चा माल नाही तर लाइन कशी चालेल? म्हणून आधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासतात. आणखी एक गोष्ट, जी ऐकायला विचित्र वाटते. इंजेक्शनने हिमोग्लोबिन १४-१५ वर न्यायचं नसतं. साधारण १० ते ११.५ च्या आसपास ठेवतात. १३ च्या वर रेटलं तर बीपी, रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यामुळे "बरं वाटतंय, अजून एक टोचून घेऊ" हा विचार नको.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आणि कॅल्सिट्रिऑल ही दोन वेगळी औषधं आहेत. कॅल्सिट्रिऑल म्हणजे तयार रूप, किडनीची पायरी ओलांडून आलेलं. ते मनाने वाढवलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. मेडिकलमधून आणलेलं मल्टिव्हिटॅमिनही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, कारण व्हिटॅमिन ए या पेशंटच्या अंगात साचतं. डायलिसिसवाल्यांना बी-कॉम्प्लेक्स आणि फॉलिक ॲसिड देतात, कारण ते डायलिसिसमध्ये धुऊन जातं.

आम्ल वाढलं तर सोडामिंट, म्हणजे खायच्या सोड्याची गोळी, पण तीही डॉक्टरांनी मोजून दिलेलीच. पोटॅशियम वाढलं तर वेगळी पावडर देतात. उन्हाळ्यात प्रेमाने पाजलेलं नारळपाणी इथे घातक ठरू शकतं. हातपाय एकदम गळाले, छातीत धडधड वाढली, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

खर्चाचं म्हणाल तर, तुम्ही ईएसआयसीमध्ये असाल तर तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयसीचं हॉस्पिटल आहे. जाताना डब्यातल्या सगळ्या पट्ट्यांचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या, अंगदुखीसाठी आणलेल्या पेनकिलरचासुद्धा.