नवी जमीन, जुनाच प्रश्न

आज एका कोड्याबद्दल बोलूया, जे मलाही बरेच दिवस सुटत नव्हतं: अमेरिकेला पश्चिमेकडे जमीन मिळत गेली, मग त्यातून यादवी युद्ध कसं पेटलं?

१८४५ मध्ये जॉन ओ'सुलिव्हन यांच्या मासिकात 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' हे शब्द छापून आले. म्हणजे काय, तर अख्खा खंड व्यापणं हे आपल्याला देवानेच नेमून दिलंय. तिथे आधीपासून राहणारे मूलनिवासी या हिशेबात नव्हतेच.

पण खरी मेख सिनेटमध्ये होती. राज्य लहान असो की मोठं, जागा दोनच. त्यामुळे नवं राज्य आलं की पहिला सवाल: इथे गुलामी चालणार का?

मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामी बंद केली होती. टेक्सास मात्र १८४५ मध्ये गुलामीसकट अमेरिकेत आलं आणि पुढच्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध जुंपलं. तेव्हा डेव्हिड विल्मॉट यांनी प्रस्ताव मांडला, जिंकलेल्या जमिनीत गुलामी नको. त्यांना गुलामांचा कळवळा नव्हता, जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी राखायची होती. प्रतिनिधिगृहात प्रस्ताव मंजूर झाला, सिनेटमध्ये अडला. मतं पक्षानुसार नाही, उत्तर-दक्षिण अशी फुटली.

१८५४ मध्ये कॅन्ससचा निर्णय तिथल्या रहिवाशांच्या मतावर सोडला, तर रक्तपात झाला. १८६१ मध्ये युद्धच.

आणि बघा, ज्यांच्या आयुष्याचा हा सौदा चालला होता, त्या गुलामांना यात कुठेच मत नव्हतं.