गळतं एकीकडे, ठिबकतं दुसरीकडे
शिडाच्या होडीची देखभाल : लेखांक ६

मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून एकटेच जगप्रदक्षिणेला निघाले. काही आठवड्यांतच तळाकडच्या फळ्यांच्या फटीतून पाणी आत येऊ लागलं. भर अटलांटिकमध्ये बुड्या मारून त्यांनी कापूस शिवलेली कॅनव्हासची पट्टी फटीवर ठोकली आणि तिच्यावर तांब्याची पट्टी बसवली. हे तांबं रेडिओ बसवणाऱ्यांकडून होडीवर राहून गेलेलं होतं. फट बुजली, पण पुढे दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रात रेडिओच मुका झाला. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंड मागे पडल्यापासून एप्रिल १९६९ पर्यंत हा माणूस जिवंत आहे की नाही, हेसुद्धा घरच्यांना कळत नव्हतं.

आजच्या हौशी होडीवर व्हीएचएफ, चार्टप्लॉटर, ऑटोपायलट आणि स्विचचं पॅनेल बहुधा केबिनच्या दाराशीच दाटीवाटीने बसवलेलं असतं. खारं पाणी वीज वाहून नेतं. ते वाळलं तरी मागे उरलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं आणि तारेचं तांबं हिरवं पडून झिजतं.

कोकणातल्या कौलारू घरात राहिलेल्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: फुटकं कौल एका जागी असतं आणि पाणी वाशावरून घरंगळत भलत्याच खोलीत ठिबकतं. फायबरच्या होडीतही तेच होतं. डेक आणि आतलं छत यांच्यामधल्या पोकळीतून किंवा चक्क तारेवरूनच पाणी वाट काढतं. पॅनेलवर पडणारा थेंब कदाचित दोन मीटर पुढच्या, कठड्याच्या खांबाच्या बोल्टमधून शिरलेला असतो.

म्हणून आधी शोध. आतलं छत जमेल तितकं उतरवायचं आणि बोल्टांच्या नटांभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळायचा. एकाने बाहेरून बारीक धारेची नळी धरायची, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचं. धार खालून वर, एका वेळी एकाच जोडावर आणि दहा-दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जोडांवरून ओघळतं आणि खरा चोर सापडत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला दुसरी पळवाट नाही.

चोर सापडला की बाहेरून सिलिकॉन फासण्याचा मोह आवरायलाच हवा. पाणी तात्पुरतं थांबतं, पण सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागी पुढे दुसरं कोणतंही सीलंट नीट धरत नाही. पुष्कळ होड्यांच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड असतं. बोल्टच्या भोकातून ते भिजत राहिलं, तर आतल्या आत कुजतं आणि पायाखाली डेक लिबलिबू लागतो. तेव्हा बोल्ट काढायचा, भोक मोठं करून ओला बाल्सा खरवडायचा, सगळं पूर्ण वाळू द्यायचं आणि भोक इपॉक्सीने भरायचं. ते घट्ट झालं की त्यातूनच बोल्टाच्या मापाचं नवं भोक पाडायचं. त्याची वरची कड थोडी तासली की ब्यूटाइल टेपला बसायला खाच मिळते. नट एका दमात आवळू नये. दोन-तीन दिवस थोडा थोडा आवळावा. बोल्ट मात्र स्थिर धरायचा, तो फिरला की टेप फाटते.

तारांचीही एक साधी सोय आहे. यंत्रात शिरण्याआधी तार खाली झोळासारखी सोडून मग वर न्यायची, म्हणजे तिच्यावरून आलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं.

तरीही यंत्र भिजलंच, तर आधी वीज तोडायची आणि खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढायचं. पूर्ण वाळल्याशिवाय, ‘चालतंय का बघू’ म्हणत बटण दाबायचं नाही.

डोलकाठीतून उतरणाऱ्या पाण्याला ही नळीची परीक्षा पुरत नाही. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.