आपल्या डॉक्टरांना पैसे कसे मिळतात?



२०१८ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी आमच्या पाच वर्षांच्या मुलाचा कान ठणकू लागला. फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना बंद असणार असे गृहीत धरून मी त्याला मिल्टनमधल्याच एका वॉक-इन क्लिनिकमध्ये नेले. औषध मिळाले, कान बरा झाला, विषय संपला. पण तीन आठवड्यांनी आमच्या डॉक्टरांकडून पत्र आले : 'आपण बाहेरच्या क्लिनिकमध्ये गेल्याचे आढळले आहे. पुन्हा असे झाल्यास आपले नाव आमच्या यादीतून काढावे लागेल.'

मला रागही आला आणि धास्तीही वाटली. सासूबाईंचा मधुमेह याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता आणि मिल्टनमध्ये नवे डॉक्टर मिळणे किती कठीण, हे आपण सारे जाणतोच. शेवटी या पत्रामागचे कारण शोधायचे ठरवले. जे समजले ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे डॉक्टरांना तपासणीची फी हातात द्यायची, हा साधा व्यवहार. 'कट प्रॅक्टिस' हा शब्दही आपल्याला नवा नाही. पैसा कोणत्या वाटेने येतो यावर सल्ला कसा मिळेल हे काही अंशी ठरते, हे आपण तिकडेच शिकलो. इथे पैसे ओहिप देते, त्यामुळे ही वाट आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

ऑन्टॅरिओमध्ये फॅमिली डॉक्टरांना पैसे देण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली, दर भेटीमागे ठराविक फी. यात जितके रुग्ण तपासाल तितकी मिळकत. साहजिकच भेटी आटोपशीर होतात. 'एका भेटीत एकच तक्रार सांगावी' अशी पाटी काही ठिकाणी दिसते, तिचे मूळ यातच आहे. वॉक-इन क्लिनिक बहुतांशी याच पद्धतीवर चालतात.

दुसरी पद्धत दरडोई रकमेची. २००६-०७ पासून 'फॅमिली हेल्थ ऑर्गनायझेशन' या नावाने ती रुजली. आपण फॉर्मवर सही करून एखाद्या डॉक्टरांकडे नाव नोंदवतो, तेव्हा आपले वय आणि लिंग पाहून ठरलेली रक्कम त्यांना मिळते, मग आपण वर्षात दहादा जा किंवा एकदाही जाऊ नका. हेतू चांगला होता. डॉक्टरांनी घाई करू नये, फोनवरही सल्ला द्यावा, आजार होण्याआधीच लक्ष घालावे. लसीकरण आणि कर्करोगाच्या तपासण्यांसाठी वेगळा बोनसही ठेवला होता. पण नाण्याला दुसरी बाजू असतेच. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात दाखवून दिले, की २००९-१० मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी २२ टक्के लोक आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एकदाही गेले नव्हते, तरी त्यांच्यापोटी १२ कोटी ३० लाख डॉलर दिले गेले.

आता त्या पत्राचे कोडे. या पद्धतीत डॉक्टरांना एक 'ॲक्सेस बोनस' असे. नोंदवलेला रुग्ण बाहेरच्या फॅमिली डॉक्टरांकडे किंवा वॉक-इनमध्ये गेला, की त्या भेटीचे पैसे या बोनसमधून कापले जात. गंमत अशी, की इमर्जन्सीत गेल्यास कपात नसे! म्हणजे मी मुलाला घेऊन इस्पितळात सहा-सात तास ताटकळलो असतो, तर डॉक्टरांचे काहीच बिघडले नसते, मात्र सरकारला तेच महाग पडले असते. पुढील करारांत हे नियम बदलत गेले, पण धडा कायम आहे : नियम करताना एक हेतू असतो, प्रत्यक्षात वागणूक मात्र पैशाच्या ओढीने ठरते.

दुसरा प्रश्न, मुळात डॉक्टर कमी का? १९९१ मध्ये बेअरर आणि स्टॉडर्ट या अर्थतज्ज्ञांनी आरोग्य उपमंत्र्यांच्या परिषदेसाठी अहवाल लिहिला. १९९२ मध्ये बॅन्फच्या बैठकीत मंत्र्यांनी वैद्यकीय प्रवेश १० टक्क्यांनी कमी करायचे ठरवले आणि १९९३ पासून ते अमलात आले. अहवालात इतरही अनेक सुधारणा सुचवल्या होत्या, त्या बहुतेक बाजूला राहिल्या. डॉक्टर तयार व्हायला बरीच वर्षे लागतात, त्यामुळे चूक उमगेपर्यंत उशीर झालेला असतो. इकडे मिल्टनची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३१ हजार होती, ती २०२१ मध्ये १ लाख ३३ हजारांच्या घरात गेली. पुढे २०१५ मध्ये खर्च आवरण्यासाठी सरकारने दरडोई पद्धतीत येणाऱ्या नव्या डॉक्टरांवरही मर्यादा घातली.

परिचारिकांचेही तसेच. २०१९ च्या 'बिल १२४' ने सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांतली पगारवाढ तीन वर्षे वर्षाला १ टक्क्यावर रोखली. २०२२ मध्ये न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, पण तोवर अनेक अनुभवी हात दुखावून निघून गेले होते. पगारात वाचवलेला पैसा मग एजन्सीच्या महागड्या परिचारिकांवर खर्च होतो.

थोडी आशाही आहे. २०२५ मध्ये शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये नवे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि 'प्रॅक्टिस रेडी ऑन्टॅरिओ' योजनेतून परदेशात शिकलेल्या अनुभवी डॉक्टरांना थोडा मार्ग मोकळा झाला.

तोवर आपण काय करावे?

१. नोंदणीच्या फॉर्मवर सही करताना तो नीट वाचा. संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे दवाखाने कुठे व केव्हा असतात, ते विचारून फ्रिजवर लावा.

२. रात्री-अपरात्री शंका आल्यास ८११ वर फोन करा. परिचारिका विनामूल्य सल्ला देतात. जिवावरचे संकट असेल तर मात्र थेट ९११.

३. वॉक-इनमध्ये जावेच लागले, तर तपासणीचा अहवाल आपल्या डॉक्टरांकडे पाठवण्याची विनंती करा.

४. मधुमेह असलेल्यांची वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी ओहिपमधून होते. कोणी आठवण करण्याची वाट पाहू नका.

५. डॉक्टर नसल्यास 'हेल्थ केअर कनेक्ट'मध्ये नाव नोंदवा.

आमच्या पत्राचे पुढे काय झाले? मी रागाने उत्तर लिहायला बसलो होतो. सौ. म्हणाली, "आधी फोन तर करा." फोन केला, तेव्हा कळले की आमच्याच डॉक्टरांच्या गटाचा दवाखाना दर शनिवारी सकाळी उघडा असतो! त्यांनी कधी सांगितले नव्हते, आम्ही कधी विचारले नव्हते. नाव यादीत राहिले, सासूबाईंचे उपचारही सुरळीत चालू राहिले. आपण मात्र पत्र येण्याची वाट न पाहता आजच विचारून ठेवा.